लहान शीड आणि कमरेचा दोर

मुलांनो,

परवा व्हिडिओवर बोलताना तुमच्यातली मोठी सहज म्हणाली की सुट्टीत ती तळ्यावर शिडाची फळी, तुम्ही विंडसर्फिंग म्हणता ती, चालवायला शिकते आहे, आणि तिथला माणूस विचारतो, शीड केवढं देऊ? मी म्हटलं, लहान घे. ती हसली. "आजी, तुला काय माहीत?" मागून धाकट्याचा आवाज आला, "आजी, नगरला समुद्र आहे?" मी नाही म्हटलं आणि जेवलात का ते विचारलं.

फोन ठेवल्यावर वाटलं, विषय बदलायला नको होता. त्यात दुसऱ्या दिवशी तुमच्या आईचा वेगळा फोन आला, "आई, तुम्ही तरी तिला नको म्हणून सांगा ना." मी तिला नको म्हणणार नाही. पण शीड लहान का घ्यायचं, आणि भीतीपोटी माणूस दोर बांधायला निघतो तेव्हा काय होतं, ते मला सांगता येईल. ही गोष्ट माझ्याखेरीज आता एकाच व्यक्तीला माहीत आहे. ती श्रीरामपूरला असते आणि तिला लिहायचा कंटाळा आहे. तेव्हा मीच लिहिते, क्रमाने.

बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता आणि त्यानंतरचा पाऊस बरा झाला होता. तुमचे आजोबा तेव्हा मुळा धरणावर इंजिनिअर होते. आम्ही धरणाच्या वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे दगडी कुंपण. तुमचा बाबा जन्मायचा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसे. सवय नसलेल्या माणसाला ते समुद्रच वाटावं एवढं. नवीन पाणी होतं ते. त्याच्या खाली शेतं होती, बांध होते, आणि बांधावरच्या बाभळी तशाच उभ्या होत्या. पाणी उतरलं की त्यांचे काळे शेंडे वर येत.

थंडी सरता सरता सासूबाई आजोबांच्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. मी त्यांना वन्सं म्हणत असे, तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता. कोपरगावकडच्या एका ऊसवाल्या घरात त्यांचं लग्न झालेलं होतं. दोन वर्षं तिथे काढून त्या माहेरी आल्या होत्या, परत जायचं की नाही ते ठरत नव्हतं. ट्रंक ओट्यावर ठेवून त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. सासूबाईंनी मला चुलीपाशी ओढलं.

"सूनबाई, ऐक. सासरी ती इहिरीच्या कडंवर बसल्याली दिसली. पाय आत सोडून. एकदा न्हाई, दोनदा."

मी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"कुनाला बोलू नगंस. फकस्त पान्याकडं एकटी सोडू नगंस. एवढंच कर माझ्यासाठी."

"अहो आई, धरणावर आणलंत तुम्ही त्यांना!"

"मला काय ठावं? मला वाटलं धरन म्हंजी भित. मोठी भित. म्होरं एवढं पानी आसंल आसं कुनी सांगितलं मला?"

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने त्या परत गेल्या. वन्सं राहिल्या, आणि खिडकीतलं पाणी राहिलं.

त्या दिवसांत मी कशी वागत होते ते आठवलं की अजून मान खाली जाते. मी त्यांना सतत नजरेच्या टप्प्यात बसून करण्याची कामं देई. डाळी निवडून झाल्या की त्याच डाळी उन्हात घालायला सांगे. आंघोळीला गेले तर बादलीत तांब्या वाजवायचं थांबवून बाहेर कान देई. त्या कधी खिडकीशी उभ्या राहिल्या तर मी काही तरी विचारायला जाई, मीठ कुठे ठेवलंय वगैरे, माझ्याच घरातलं मीठ. त्या विचारल्याचं उत्तर देत, त्यापलीकडे काही नाही. ताटातली अर्धी भाकरी उरलेली असे. आजोबांना मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "ती पट्टीची पोहणारी आहे गं. आमच्या विहिरीत आम्हा भावंडांत तीच पहिली दोर सोडून सुटी पोहली." त्यांना धीर द्यायचा होता, पण विहिरीचं नाव काढून धीर कसा द्यायचा ते त्यांनाही कळलं नसावं, कारण ते लगेच उठून बाहेर गेले.

आजोबांचे थोरले भाऊ अमेरिकेत होते. त्यांनी एका मासिकाची पानं कापून पाठवली होती. चित्रात एक उघडा, उंच माणूस एका लांब फळीवर उभा होता, आणि त्याच्या हातात शीड होतं. शीड फळीला पक्कं बसवलेलं नव्हतं. डोलकाठी बुडाशी चारी दिशांना लवत होती, आणि माणूस तिला हातांनी तोलून धरत होता. खाली घरी कसं बनवावं ते लिहिलेलं. भावजींनी समासात लिहिलं होतं: पाण्याशेजारी राहता, करून बघा.

आजोबांचं इंग्रजी सिमेंट आणि सळयांपुरतं. माझं शिक्षण नगरच्या इंग्रजी शाळेतलं. म्हणून जेवणं झाली की मी एकेक पान मराठीत सांगे आणि ते मापं टिपून घेत. एकदा मी असंच सांगत होते, फळी पोकळ हवी, आतून चौकट, बाहेरून प्लायवूड, आणि वन्सं पलीकडे मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आणि शीड कुणी शिवायचं?"

आल्यापासून त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे.

"तू शिवतेस?" त्यांनी वन्संना विचारलं.

"शिवीन की. पण मग उभी पण मीच राहणार."

"उभी म्हणजे?"

"त्या माणसासारखी. दादा, तू जाडा आहेस, बुडशील."

आजोबा मोठ्यांदा हसले. मला हसू आलं नाही. तिथून पुढे माझी जी अवस्था झाली ती सांगते. नाही म्हणावं तर हे माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. हो म्हणावं तर ज्या पाण्यापासून त्यांना राखायला मला सांगितलं होतं, त्यात मीच त्यांना उतरवणार. आणि त्यांना नक्की काय हवंय, ती फळी की ते पाणी, हे मला कळत नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती.

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. कामाला लागले, कारण काम चालू असेपर्यंत पाण्यात जायचं नव्हतं.

वसाहतीतल्या सुताराने फळी केली. डोलकाठीला सरळ बांबू, हातात धरायला दोन बाकदार बांबू, आणि डोलकाठी सगळीकडे लवावी म्हणून बुडाशी जुन्या जीपच्या जाड रबरी नळीचा तुकडा. शिडाच्या कापडासाठी वन्सं आणि मी नगरला कापडबाजारात गेलो. कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची, फुंकर पलीकडच्या हाताला लागली की ते बाद. मांजरपाटातून वारा सरळ जाई. ताडपत्रीतून जात नसे, पण ती एकटीला उचलवेना. दुकानदार आम्हा दोघींना तोंडाला कापड लावून फुंकताना पाहत होता.

"कशासाठी पाहिजे, बाई?"

"शिडासाठी," वन्सं म्हणाल्या.

"मग इकडं कशाला आलात? मुंबईला जायचं की."

"मुंबईचा वारा आम्हाला नको," वन्सं म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या थट्टा करू शकतात हे मला माहीत नव्हतं.

शेवटी गणवेशाचं जाड ड्रिल घेतलं, चित्राबरहुकूम मोठ्या शिडाला पुरेल एवढं. परत येताना छावणीजवळ लष्करातलं टाकाऊ सामान विकणारं एक दुकान होतं. तिथे बुटांच्या ढिगाखाली पॅराशूटच्या कापडाचा एक तुकडा मला दिसला. पातळ, हलका, आणि फुंकर पलीकडे जाईना. मोठ्या शिडाला तो पुरला नसता. मी तो घेतला.

घरी आल्यावर त्यावरून वाद झाला.

"लहान शीड कशाला?" आजोबा म्हणाले. "मापं दिलीत ना मासिकात."

"मापं त्या माणसाची आहेत. तो केवढा आहे बघा. वन्सं माझ्या ब्लाउजमध्ये दोनदा मावतील. ब्लाउज बेतताना आपण अंग बघतो की मासिकातलं चित्र?"

"अगं, शीड वाऱ्याच्या मापाचं असतं. अंगाच्या नाही."

"वारा शिडाला ओढेल. शिडाला कोण ओढणार?"

त्यांना ते पटलं नाही. दोन्ही शिवायची असं ठरलं. मी बेतलं, वन्सं मशीनवर बसल्या. डोलकाठी आत जायला कडेला लांब नेफा शिवला, परकराला नाडीसाठी शिवतो तसा. पॅराशूटच्या कापडाचे दोरे सुटत होते, म्हणून त्याच्या कडेने माझ्या जुन्या इरकली साडीचा काठ लावला. काठ चिवट असतो, साडी विरली तरी काठ विरत नाही. लाल काठ होता. वन्सं पाय मारताना गुणगुणत. मशीन थांबलं की मी आतून विचारी, "काय झालं?" आणि त्या म्हणत, "बॉबिन संपली, वहिनी. अजून काय होणार?"

अंगणात शीड चढवून बघितलं तेव्हा शेजारचे सगळे कुंपणाशी. ओव्हरसियरची बायको म्हणाली, "अहो बाई, सर्कस काढताय का? तंबू झाला, आता हत्ती कुठंय?"

"हत्ती ऑफिसला गेलाय," वन्सं म्हणाल्या. आजोबा तेव्हा खरंच ऑफिसात होते.

पण शीड काही चित्रातल्यासारखं होईना. सगळं चुण्या-चुण्या, पोटाशी ढिलं. संध्याकाळी आजोबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "ही तर सैल झालेली बाज आहे. दावण ओढा." बाज सैल पडली की पायथ्याची दोरी एकेक वेढा करून ओढत जातात, तसं त्यांनी खालच्या कोपऱ्याची दोरी ओढली, मग हातकाठ्यांच्या टोकाची, मग पुन्हा खालची. एकदम सगळ्या चुण्या गेल्या आणि कापड ढोलासारखं ताठ झालं. वन्संनी त्यावर बोटाने वाजवून पाहिलं. आता तयार व्हायचं काही उरलं नव्हतं.

मी एकच अट घातली. दोर.

आमच्यापैकी कुणालाही ती अट विचित्र वाटली नाही. आम्ही तिघंही विहिरीत पोहायला शिकलेलो. कमरेला दोर, वर काठावर कुणी तरी मोठं माणूस दोर धरून, असंच आमच्याकडे पाण्यात उतरतात. नवशिक्याला दोराशिवाय पाण्यात सोडायचं हे कुणाच्या मनातही येत नाही. मासिकातल्या माणसाच्या कमरेला दोर नव्हता, हे मला दिसलं होतं. मी समजले की तो शिकून झालेला आहे.

पहिले काही दिवस सकाळी, वारा पडलेला असताना, आम्ही काठाशी कमरभर पाण्यात गेलो. आजोबा उभे राहिले की फळी घोट्यापर्यंत बुडे आणि ते आडवे. वन्सं त्यांचे जुने पॅंट-शर्ट घालून उभ्या राहायला शिकल्या. पाय डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे किंचित वाकलेले, आणि डोलकाठीला बांधलेल्या दोरीने आडवं पडलेलं शीड हळूहळू पाण्यातून उचलायचं. मोठं शीड त्यांना उचलवेना. ड्रिल पाणी पिऊन दगड झालं होतं. लहान शीड उचललं आणि ते सहज वर आलं, पाणी निथळत. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं, कारण आता त्या खरंच जाऊ शकत होत्या.

मग एका दुपारी वारा सुटला. आजोबा रजेवर होते. खळ्यावर उफणायच्या आधी वारा बघतात तसा त्यांनी मूठभर भुसा उडवला. भुसा आमच्या डोक्यावरून पाण्याकडे गेला. "पाठीवर वारा. झकास," ते म्हणाले. काठाकडून आत जाणारा वारा नवशिक्याला सगळ्यात वाईट, हे आम्हाला नंतर कळलं. उफणायला वारा पाठीवर असला की चांगलाच असतो.

मी वन्संच्या कमरेला दोर बांधला. स्वतः बांधला. दोर पुढून घेताना माझी बोटं त्यांच्या पोटाला लागली, ते आत ओढलेलं होतं; गाठ पाठीशी मारली.

"वहिनी, किती आवळाल? भाकरी खाल्लीय मी."

"अर्धी."

"अर्धी तर अर्धी."

दुसरं टोक मी माझ्या हातात घेतलं. आजोबा पुढे पाण्यात उभे होते, फळी धरून. वन्सं चढल्या, शीड उचललं, हातकाठी धरली. शिडात वारा भरला आणि त्यांनी अंग मागे टाकलं, अगदी चित्रातल्यासारखं. आजोबांच्या हातातून फळी सुटली. पाण्यावर घासल्यासारखा एक आवाज आला. दोराचं वेटोळं माझ्या पायाशी पडलं होतं ते सरसर उलगडत गेलं. वन्संनी मागे वळून पाहिलं नाही. मी दोन्ही हातांनी टोक घट्ट धरलं.

दोर संपला. ताठ झाला. आणि फळी पुढे गेली, वन्सं मागे. कुणी कंबर धरून ओढावं तशा त्या उलट्या पाण्यात पडल्या. शीड पलीकडे आडवं झालं आणि फळी ते ओढत वाऱ्याबरोबर हलू लागली.

"ओढ!" आजोबा ओरडले. "ओढ तिला!"

मी ओढलं. जीव खाऊन ओढलं. दोर कमरेला, पाठीशी गाठ. मी जितकं ओढावं तितकं त्यांचं डोकं पाण्याखाली जात होतं. एक हात वर आला. मग तोंड.

"सोडा! दोर सोडा!"

"ओढ!" आजोबा.

"वहिनी, सोडा!"

मुलांनो, त्या क्षणी मी जे ऐकलं ते नुसतं सोडा असं नव्हतं. जणू सासूबाई माझ्या कानाशी उभ्या होत्या. विहिरीची कड, आत सोडलेले पाय. सोडा म्हणजे कशाला सोडा? या बाईला परत यायचंय म्हणून सोडू, की यायचं नाही म्हणून? पुढे बुडालेल्या बाभळी होत्या. सुटा दोर कमरेला घेऊन माणूस त्यांच्यात गेलं तर दोर अडकणार, एवढं मला त्याही वेळी दिसत होतं. पण माझ्या हातातला दोर त्यांना पाण्याखाली नेत होता, हेही दिसत होतं. तेवढं एकच मला नक्की माहीत होतं. मी दोर सोडला.

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो चेहरा पुन्हा कधी पाहिला नाही. दोराचं टोक पाण्यावरून सापासारखं निघून गेलं. ते पोहत त्याच्या मागे निघाले, पण वाऱ्याने लाटा उठत होत्या, आणि थोडं जाऊन त्यांना परतावं लागलं.

वन्सं फळीकडे पोहत होत्या. दिसत, मग दिसत नसत. मग त्या फळीवर पालथ्या पडलेल्या दिसल्या. मग बसलेल्या. पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडून, आमच्याकडे पाठ करून, त्या नुसत्या बसून राहिल्या.

किती वेळ ते मी सांगू शकणार नाही. फळी वाहतच होती.

"ती काय करतेय?" आजोबांनी विचारलं. "शीड का उचलत नाही?"

मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं, आणि ते मला तोंडातून काढायचं नव्हतं.

मग त्या उठल्या. लाल काठ पाण्यातून वर आला, एवढासा. त्या काठामुळेच मला दिसलं. शीड उभं राहिलं आणि पलीकडच्या काठाच्या दिशेने निघालं.

"अगं, पण परत फिरायचं कसं ते तिला माहीत आहे का?"

वळायचं कसं ते पुढच्या पानावर होतं. ते मी अजून वाचून दाखवलं नव्हतं. आजोबाच म्हणाले होते, आधी उभी तर राहू दे.

आम्ही जीप घेतली. पलीकडे जायला पाण्याला मोठा वळसा होता, धरणाच्या भिंतीवरून आणि मग नांगरटीच्या कडेकडेने बैलगाडीच्या वाटेने. जिथे पाणी दिसे तिथे मी लाल काठ शोधत असे, आणि बराच वेळ तो दिसलाच नाही. एका ओढ्यापाशी जीपचं चाक रुतलं. आजोबा उतरून दगड लावत होते आणि मी ड्रायव्हरच्या सीटकडे बघत मनात सासूबाईंना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य पुरं होत नव्हतं. "आई, मी त्यांना एकटी सोडली नाही" इथपर्यंत येई आणि तिथे थांबे.

शेवटी काठावर एक शेतातलं इंजिन दिसलं, पाणी उपसायचं, आणि त्याच्या सावलीला पाच-सहा बायका गोल बसलेल्या. मधे वन्सं. खांद्यांवर कुणाचं तरी कोरडं लुगडं गुंडाळलेलं, शेजारी शीड नीट गुंडाळून ठेवलेलं, आणि हातात भाकरी.

आम्हाला बघून एक म्हातारी उठली. "तुमची हाय का ही? आवं, आमी कापूस येचत हुतो. बघतो तर बाई पान्यावरनं उभ्या उभ्या चालत येतीया! ही तर पळाली," तिने एका सुनेकडे बोट दाखवलं, "म्हनली पान्यातली देवी, आसरा आली."

"आसरा भाकरी खात न्हाई ना," ती सून म्हणाली. "हिनं तीन खाल्ल्या."

आजोबा वन्संसमोर बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. वन्सं त्यांना म्हणाल्या, "दादा, रडू नको. वळायला येईना, म्हणून आले इकडे."

माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. दोर अजून तिथेच होता, गाठ भिजून घट्ट झालेली. पण बाकीचा सगळा दोर त्यांनी कोपर आणि पंजाभोवती गुंडाळून, सुताची लड करतो तशी लड करून, कमरेत खोचलेला होता. फळीवर बसून त्या तेवढा वेळ तेच करत होत्या. बाभळींत अडकू नये म्हणून. मी ती लड हातात धरून खाली बसले. म्हातारीने मला पाणी दिलं.

गाठ शेवटी विळ्याने कापली.

घरी परतल्यावर, भांडी घासताना, मी विचारलं. सरळ विचारलं, कारण त्या दिवशी आडून विचारण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "वन्सं, तुम्ही सोडा म्हणालात तेव्हा..."

त्यांनी हातातलं ताट विसळलं. मग म्हणाल्या, "आईने तुम्हाला विहिरीचं सांगितलं ना?"

"हो."

"त्या घरात तेवढीच एक जागा होती, वहिनी, जिथे बसलं की कुणी हाक मारत नसे. घाबरून लांब उभे राहत. म्हणून बसायची." त्यांनी ताट पालथं घातलं. "आणि मला मरायचंच असतं तर एवढं शिवण कशाला केलं असतं? तो काठ लावताना माझी बोटं बघितलीत का तुम्ही?"

पुढचं पान मी त्याच रात्री वाचून दाखवलं. नंतर आम्ही दोर बांधला तो फळीला, माणसाला नाही, आणि वारा काठाकडे येत असेल तेव्हाच. पावसाळा तोंडावर येईपर्यंत वन्सं जाऊन वळून परत येऊ लागल्या. त्या गेल्या की दर वेळी मी काठावर उभी राही, आणि दर वेळी माझी तीच गत होई. ती भीती गेली असं मी म्हणणार नाही.

जूनमध्ये सासूबाई आल्या. वन्सं सासरी जाणार नव्हत्या, नर्सिंगला जाणार होत्या, हे त्यांना सांगायचं होतं. पण त्यांनी आधी मला विचारलं, "पान्याकडं एकटी सोडली न्हाईस न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत वन्सं आतून ओरडल्या, "एकटी नाही सोडली, आई! दोर बांधून सोडली!"

सासूबाईंना काही कळलं नाही. आजोबा चहाचा कप घेऊन ओट्यावर निघून गेले.

तेव्हा मोठीने लहान शीड घ्यावं. पाण्यातून स्वतःला उचलता येईल तेवढंच. वारा कुठून कुठे जातोय ते बघावं, आणि वळायचं पान आधी वाचावं. तुमच्या आईला सांगा, मी काठावर उभी आहे असं समज.

फळी आमची बदली झाली तेव्हा तिथेच राहिली. मोठ्या शिडाचा पुढे ओट्यावर पडदा केला, तो उन्हाने फाटला. डोलकाठी वाळवीने खाल्ली. आजोबा गेले, सासूबाई गेल्या. वन्सं श्रीरामपूरला आहेत, गुडघे दुखतात, जेवण व्यवस्थित आहे. लहान शीड इथे नगरच्या सावेडीत माझ्या कपाटात आहे. कापड पिवळं पडलं आहे. काठ चांगला आहे.